लाल रंगाखालचा चिखल

पहाटे ५.३०. अमावास्येनंतरची मोठी सुकती. मालवण बंदरात पाणी बरंच मागे हटलंय. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढून घेतल्यात. एकीवर झावळ्यांची शाकारणी चाललीय, दुसरीचा तळ खरवडला जातोय. कालवं, शेवाळ आणि जुन्या रंगाच्या लालसर खपल्या खाली पडतायत. तळाला कालवं चिकटू नयेत म्हणून लावलेल्या या रंगात तांब्याचा ऑक्साइड असतो. खपल्यांशेजारचा चिखल मी निर्जंतुक चमच्याने बाटलीत भरते.

"मॅडम, ह्या चिखलात तुमका काय गावतला?" खरवडणारे तात्या विचारतात.

"औषधांना न जुमानणारे जीवाणू."

"पण हय औषधा कोणी टाकली?"

प्रश्न नेमका मुद्द्याचा आहे. औषध न टाकताही असे जीवाणू इथे वाढू शकतात, म्हणून तर मी आलेय.

७.००. कोळंब खाडीत, होड्यांपासून दूर, कांदळवनातला चिखल घेतला. तुलनेला हा नसेल तर बंदरातल्या चिखलावरून काहीच ठरवता येणार नाही.

९.३०. प्रयोगशाळा. चिखल पाण्यात कालवून टप्प्याटप्प्याने पातळ करायचा, साध्या आणि तांबं घातलेल्या प्लेटांवर पसरायचा. किचकट काम, बोलायला वेळ नाही.

११.३०. आधीच्या फेरीच्या प्लेटा बाहेर काढल्या. तांब्याच्या प्लेटवर वाढलेल्या एका जीवाणूवर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवल्या होत्या. इतर चकत्यांभोवती स्वच्छ कडं पडलंय, तिथे जीवाणू वाढलेला नाही. टेट्रासायक्लिन आणि अँपिसिलिनच्या कडेपर्यंत मात्र वाढ दाट आहे. अँपिसिलिनचं मी मनावर घेत नाही, बऱ्याच जीवाणूंना त्याचा प्रतिकार जन्मजातच असतो. टेट्रासायक्लिनचं तसं सोडून देता येत नाही.

तांबं, जस्त, पारा पेशीत साठला की जीवाणू मरतो. जगायची एक वाट म्हणजे धातू बाहेर फेकणारे पंप, आणि त्यांतले काही पंप प्रतिजैविकही बाहेर फेकतात. दुसरी वाट जास्त घातक आहे. धातूपासून वाचवणारी आणि प्रतिजैविकापासून वाचवणारी जनुकं डीएनएच्या एकाच तुकड्यावर शेजारीशेजारी असतात. टीएन२१ हा असाच तुकडा. त्यावर पाऱ्याविरुद्धची जनुकं आहेत आणि प्रतिजैविकांविरुद्धचीही. प्लाझ्मिडवर बसून तो एका जीवाणूतून दुसऱ्यात जातो. पाण्यात पारा असला की हा तुकडा बाळगणारे तगतात, आणि औषधाचा थेंबही नसताना औषधाविरुद्धची जनुकं टिकून राहतात. प्रतिजैविक आज ना उद्या विघटित होतं. धातूचं विघटन होत नाही, तो गाळात बसून राहतो.

दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एन. रामय्या आणि जयशंकर दे यांनी २००३ मध्येच भारताच्या किनाऱ्यावर पारारोधक जीवाणू वाढल्याचं दाखवलं होतं. त्याआधी १९९३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन समर्स यांच्या गटाने माकडांच्या दातांत पाऱ्याचं मिश्रण भरलं, तेव्हा तोंडातले आणि आतड्यातले पारारोधक जीवाणू वाढले, आणि त्यांतले बरेच प्रतिजैविकांनाही दाद देईनात. हे पाऱ्याचं झालं. होड्यांच्या रंगातल्या विषारी ट्रायब्युटिलटिनवर २००८ पासून जागतिक बंदी आहे. ती योग्यच आहे, पण तांब्याचे रंग राहिले.

२.००. वहीत नोंद केली. एका प्लेटवरून तांब्याला दोषी धरणं बेजबाबदारपणाचं ठरेल. आज घेतलेल्या दोन्ही चिखलांच्या प्लेटा परवा वाचून होईपर्यंत निष्कर्ष नाही.

४.३०. पाऊस निष्कर्षाची वाट पाहणार नाही, म्हणून मच्छीमार सोसायटीला पत्र लिहायला बसले. रंग बदला असं मी सांगत नाही. कालवांनी जड झालेली होडी डिझेल किती पिते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मागणं एवढंच: होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढा, खरवडताना खाली ताडपत्री अंथरा, खपल्या गोणीत भरून वेगळ्या ठेवा आणि ती गोणी उचलून न्यायला नगरपरिषदेकडे मागणी करा. पावसाचं पहिलं पाणी वाहायच्या आत हे करा.