रायवळ आंबा तोडण्याआधी त्याचे कलम बांधा



मृगाचा पाऊस झाला की आपल्याकडे आडसाली लागणीची गडबड सुरू होते. त्याच दिवसांत, कोणी न लावता, उकिरड्यावर आणि गोठ्याच्या मागे रायवळ आंब्याच्या कोयी रुजून वर येतात. लागणीविषयी या अंकातून आम्ही वरचेवर लिहितो. आज त्या कोयींविषयी लिहायचे आहे, कारण त्यांचा हंगामही हाच आहे.

माधवनगर, बुधगाव, कवलापूर, बिसूर या पट्ट्यात बांधावर, विहिरीच्या काठाला आणि परसात जुनी रायवळ झाडे आहेत. घरोघरी त्यांना नावे आहेत. शेपूच्या वासाचा तो शेप्या, तांबड्या गालाचा शेंदऱ्या, खोबऱ्यासारखा लागणारा खोबऱ्या, लहान गोल फळाचा गोटी. कोणत्या झाडाची कैरी लोणच्याला मुरते, कोणत्या झाडाचे फळ आढीत नासत नाही, कोणत्याचा रस पातळ असला तरी गोड, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः बायकांना, तोंडपाठ असते. ते कागदावर कुठेही नाही.

ही झाडे कमी होत आहेत, आणि त्याचे कारण आपण सगळे जाणतो. "सावलीखालचा ऊस पिवळा पडतोय, चार सऱ्या वाया जात्यात," असे सभासद सांगतात, आणि ते खोटे नाही. वाटण्या झाल्या की बांध सरकतो. ट्रॅक्टरला वळण पुरत नाही. परसात नवी खोली निघते. झाड तोडणाऱ्याला दोष देण्यासाठी हा लेख नाही. (मात्र १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा आहे, तेव्हा परवानगी घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये.) आमचे म्हणणे एवढेच, की झाड गेले तरी जात जाऊ नये.

"कोय लावली की झाले," असे कोणी म्हणेल. इथेच गफलत होते. रायवळाच्या कोयीतून आईसारखे झाड येत नाही. मोहोरावर परागकण दुसऱ्या झाडाचा आलेला असतो, म्हणून शेप्याच्या कोयीतून शेप्याच निघेल याची हमी नाही. बहुधा निराळेच काहीतरी निघते, आणि ते आंबट की गोड हे कळायला आठ-दहा वर्षे जातात.

ऊसकऱ्याला हे समजावून सांगायला नको. आपण उसाचे बी पेरत नाही, कांडी लावतो. तुऱ्यातले बी पेरून नव्या जाती काढण्याचे काम कोईमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ पासून करते आहे. तिथे एकेका बियातून निराळा ऊस निघतो. पण एकदा को ८६०३२ हाती आला की पुढे कांडीमागून कांडी तोच ऊस चालतो. आंब्याची कांडी म्हणजे कलम. फरक एवढाच, की उसाच्या जुन्या जातींचे बेणे त्या संस्थेच्या कन्नूर येथील केंद्रात सांभाळून ठेवले जाते. तुमच्या परसातल्या शेंदऱ्याचे बेणे तुमच्या परसाखेरीज कुठेच नाही.

सफरचंदाचेही असेच आहे. अलीकडे आपल्याकडे परसात सफरचंद लावण्याची हौस वाढली आहे. हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एच.आर.एम.एन.-९९ ही जात काढली, आणि त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. हौसेला आमची ना नाही. पण सफरचंदवाल्यांकडून घ्यायचा धडा दुसराच आहे. इंग्लंडात साउथवेल गावी १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाचे बी लावले. पुढे ते घर ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतले. १८५६ साली हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकेतल्या तरुण पोराने त्या झाडाच्या काड्या मागून नेल्या आणि कलमे बांधली. आज त्या देशात स्वयंपाकाचे सफरचंद म्हटले की ब्रॅमलीच, आणि ती सगळी झाडे त्या एका परसातल्या झाडाची. मूळ झाडाला बुरशीने गाठले आहे, पण जातीला धोका राहिलेला नाही.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण आंब्याचे नाही, वडाचे आहे. मिरज तालुक्यातील भोसे येथील चारशे वर्षांचा मानला जाणारा वड २०२० साली महामार्गातून लोकांनी वाचवला. २०२२ साली तो आपोआप कोसळला. झाड राखणे चांगलेच. पण राखलेले झाडही एक दिवस जाते. म्हणून त्याचा वंश दुसरीकडे वाढत असला पाहिजे.

आता कृती. आपल्याकडे कोय कलम सोपे पडते. कोकण कृषी विद्यापीठाच्या मार्गदर्शनाने कोकणात ते घरोघरी पोचलेले आहे. काम पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला करावे, कारण हवेत ओल लागते.

पहिले, कोयी. कोणत्याही रायवळाच्या ताज्या, निरोगी कोयी ओल्या वाळूत किंवा मातीत रुजत घालाव्यात. कोंब वर येऊन पाने तांबूस असतात, तेव्हाच ते कलमाला योग्य. पाने हिरवी होऊन कोंब निबर झाला की जमत नाही.

दुसरे, काडी. जुन्या झाडाच्या शेंड्याची तीन-चार महिन्यांची, कोंबाइतक्याच जाडीची, फुगीर डोळ्याची काडी निवडावी. आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ राखून कापावीत. झाड फार जुने असेल आणि जोमदार काडी मिळत नसेल, तर आदल्या हंगामात एक फांदी छाटावी, म्हणजे नवी फूट मिळते.

तिसरे, बांधणी. कोंब कोयीपासून दोन-तीन इंचांवर कापून मधोमध दीड इंच चिरावा. काडीचा खालचा भाग पाचरीसारखा दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत बसवावा. साल सालीला भिडली पाहिजे. प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर प्लॅस्टिकची लहान पिशवी उपडी घालावी. कोय पिशवीतल्या मातीत लावून सावलीत ठेवावी. साधारण तीन आठवड्यांत डोळा फुटतो. फुटला की वरची पिशवी काढावी.

पहिल्या खेपेला दहातली चार जगली तरी निराश होऊ नये. चाकू धारदार हवा आणि हात स्वच्छ हवा. गावात कलमे बांधणारा माळी असेल तर एक दिवस त्याला बोलवा आणि घरातल्या पोरांना शेजारी बसवा.

पुढच्या पावसाळ्यात कलम जागेवर लावावे. आपली काळी जमीन पाणी धरते, म्हणून जागा थोडी उंचवट्याची घ्यावी आणि जोड मातीच्या वर ठेवावा. जोडाखाली फुटणारे कोंब काढत राहावे, नाहीतर खालचे रायवळ वाढते आणि वरचा शेंदऱ्या मरतो. पहिली तीन वर्षे मोहोर खुडावा. पाचव्या वर्षाच्या सुमारास फळ धरायला हरकत नाही.

सगळीच रायवळ झाडे राखण्याजोगी नसतात. काही नुसती आंबट, काही नुसता दोरा. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एकच झाड निवडा. त्याचे नाव, फळ पिकण्याचा महिना, लोणच्याचे की रसाचे, दरवर्षी धरते की वर्षाआड, हे वहीत लिहून ठेवा. दोन कलमे आपल्या परसात लावा आणि एक लेकीच्या सासरी द्या. एका घरी झाड गेले तर दुसऱ्या घरून काडी परत आणता येते.

लागणीच्या गडबडीतून यासाठी एक दुपार काढावी लागेल. पण बांधावरच्या झाडाचा सौदा ठरला असेल, तर ती दुपार याच पावसाळ्यात काढली पाहिजे.