कठीण पाणी आणि घरातील नळ

विहिरीचे पाणी डोळ्यांस कितीही निर्मळ दिसले, तरी ते घरातील नळांस मानवेलच असे नाही. साबणास फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते आणि काही वर्षांत गरम पाण्याची धार करंगळीएवढी बारीक होते. अशा वेळी पंप किंवा टाकी सदोष मानून नवीन सामान आणले जाते. खरा दोष बहुधा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. तो ओळखल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो.

पावसाचे पाणी मूळचे मृदू असते. जमिनीत मुरताना ते मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू घेते आणि त्यामुळे काळ्या पाषाणातील व चुनखडीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात विरघळते. या क्षारांपैकी बायकार्बोनेटे पाणी तापताच फुटतात. वायू निघून जातो आणि न विरघळणारा चुना भांड्याच्या व नळाच्या अंगास चिकटतो. यास अस्थायी कठीणपणा म्हणतात. सल्फेट व क्लोराइड यांमुळे येणारा कठीणपणा उकळूनही जात नाही. तो स्थायी होय.

हे नुकसान किती, याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्यात 300 मिलिग्रॅम अस्थायी कठीणपणा असेल आणि घरात रोज 100 लिटर पाणी तापत असेल, तर त्यातून 30 ग्रॅम चुना जातो. त्याचा दहावा हिस्सा आत चिकटला, तरी वर्षाकाठी एक किलोहून अधिक थर साचतो. हा थर उष्णता अडवितो. त्यामुळे वीज जास्त लागते आणि तापक कांडी लवकर जळते.

प्रथम पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानक 10500 (2012) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅम एकूण कठीणपणा स्वीकारार्ह असून, दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास 600 पर्यंत चालतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत हे परीक्षण होते. कॅल्शियम व मॅग्नेशियम शरीरासही लागतात. केवळ कठीणपणामुळे पाणी विषारी ठरत नाही. तुरटीने गढूळपणा बसतो व ब्लीचिंग पावडरीने जंतू मरतात. परंतु या दोहोंनी कठीणपणा जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

पाणी 60 अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापवू नये. जितके तापेल तितका थर अधिक धरतो. नळाची जाळी व न्हाणीचा फवारा काढून, एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून त्यात काही तास भिजवावा व घासून धुवावा. धुण्याच्या 10 लिटर पाण्यात वरील प्रमाणाचा कठीणपणा असल्यास सुमारे 9 ग्रॅम खडा धुण्याचा सोडा पुरतो. पागोळीचे पाणी स्वच्छ टाकीत साठविता आले, तर कपडे धुण्यास व पाणी तापविण्यास त्यासारखे दुसरे पाणी नाही.

संडास धुण्याचे तीव्र आम्ल मात्र नळांत किंवा तापकात कधीही ओतू नये. ते जस्ताचा मुलामा खाते. आणि ब्लीचिंग पावडरीशी त्याचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. कोंडलेल्या न्हाणीत तो प्राणावर बेतू शकतो.

आता मिठावर चालणारी मृदूकरण यंत्रेही अनेक घरांत बसविली जातात. ती कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन त्यांच्या जागी सोडियम देतात. नळ व तापक यांस हे पाणी उत्तम. परंतु शेतास व परसबागेस ते देऊ नये. काळ्या जमिनीतील कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की मातीचे कण सुटे होतात, निचरा बंद पडतो आणि जमीन चोपण होऊ लागते. यंत्र धुतल्यानंतरचे खारे पाणी तर केळीच्या आळ्यात मुळीच सोडू नये. म्हणून यंत्र बसविताना केवळ न्हाणी व तापक यांकडे जाणारी शाखाच त्यास जोडावी. पिण्याचा व बागेचा नळ त्याच्या आधीच वेगळा काढावा.

नळात साचलेला चुना पुन्हा खरडून काढता येतो. बिघडलेली जमीन सुधारण्यास मात्र जिप्सम, चांगला निचरा आणि कित्येक हंगाम खर्ची घालावे लागतात. घराची सोय करताना शेताचे नुकसान होणार नाही, इतकी दक्षता कुटुंबाने अवश्य घ्यावी.