डाइव्हला जायचं, पण परत कसं यायचं?

एका मित्राने विचारलं, "सुदानला डाइव्हिंगला जाऊ का? युद्ध खार्टूमकडे, आपण लाल समुद्रात. शेकडो किलोमीटर लांब!"

मोह समजतो. शाब रूमीला तर कूस्तोने १९६३ मध्ये समुद्राखाली उभारलेल्या वस्तीचे अवशेष बघायला मिळतात. आणि १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये लढाई पेटली तेव्हा पोर्ट सुदान खरंच शांत होतं. 'ऑपरेशन कावेरी'त भारताने आपली माणसं तिथूनच जेद्दाहला हलवली. पण मे २०२५ मध्ये त्याच पोर्ट सुदानवर ड्रोन हल्ले झाले, विमानतळही सुटला नाही.

म्हणजे नुसतं अंतर बघून चालत नाही. सिस्टिम डिझाइन करताना आम्ही विचारतो, हे बंद पडलं तर दुसरा मार्ग काय? इथेही तेच. विमानतळ बंद झाला तर बोट कुठल्या देशात नेणार? सर्वांत जवळचं रीकॉम्प्रेशन चेंबर कुठे?

त्यात डायव्हरची खास अडचण. लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नका असं सांगतात, कारण शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. बाकीचे मिळेल त्या विमानाने निघतील, तुम्ही नाही!

विम्यातलं युद्धाचं कलमही वाचा. सरकारने 'जाऊ नका' सांगितलेल्या ठिकाणी बऱ्याच पॉलिसी लागूच होत नाहीत.

मित्राला म्हटलं, सध्या नको. रीफ कुठे पळून जात नाहीये.