एआय लेबल लिहून देईल, पण खाली नाव तुमचंच असेल!



मावळातलं सुदुंबरे म्हटलं की संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आठवते. घरचा धंदा तेलघाण्याचा, आणि ओळख तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून. ऐकलेलं नीट उतरवून ठेवायचं, हे लेखनिकाचं काम. चॅटजीपीटी म्हणजे असाच एक लेखनिक, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये!

मग ते चालतं कसं? एआयचं भाषा मॉडेल प्रचंड मजकूर वाचून एकच गोष्ट शिकतं: या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त? पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये मराठीसाठी 'महाबर्ट' मॉडेल आणलं. तेही वाक्यातला झाकलेला शब्द ओळखायचा सराव करूनच तयार झालं. चॅटजीपीटी पुढचा तुकडा ओळखतं, मग त्याच्या पुढचा, आणि असं करत पूर्ण उत्तर तयार होतं. म्हणजे ते शोभेल असं लिहितं. ते खरं असेलच, याची खात्री नाही.

आता धंद्याचं बोलू. समजा, तुम्ही गावात लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल सुरू करताय. एआयला सांगितलं, "माझ्या तेलाची जाहिरात लिही." तुमच्याबद्दल त्याला काहीच माहीत नाही. मग ते इंटरनेटवर हजारदा आलेलं वाक्य देऊ शकतं: "हृदयविकार दूर ठेवतं, मधुमेह बरा करतं." वाचायला भारी! पण अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो एआय भरणार नाही, तुम्ही भरणार.

म्हणून असं विचारा:

"मी सुदुंबऱ्यात लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढतो. एक लिटरची बाटली, भाव आणि घरपोच देण्याचे दिवस खाली दिलेत. फक्त हीच माहिती वापर. आरोग्याचा दावा नको. काही कमी असेल तर आधी मला विचार. व्हॉट्सॲपसाठी पाच ओळी, साधी मराठी."

फरक लगेच दिसेल.

मजकूर आल्यावर तीन गोष्टी स्वतः तपासा:

१. आकडे: भाव, वजन, तारीख आणि चौदा अंकी एफएसएसएआय नंबर. हा नंबर एआयकडून कधीच घेऊ नका, स्वतःच्या कागदावरून टाका.
२. दावे: जे सिद्ध करता येत नाही, ते खोडा.
३. भाषा: मोठ्याने वाचा. गिऱ्हाईकाशी तुम्ही असं बोलता का?

आणि हो, गिऱ्हाईकांचे फोन नंबर किंवा आधार कार्ड त्यात टाकू नका.

जाहिरात, उधारीची नम्र आठवण, तक्रारीला उत्तर, कोटेशनचा मसुदा अशी कामं एआयला जरूर द्या. वेळ वाचेल. पण घाण्यात जसे दाणे टाकाल तसंच तेल निघणार. आजच आपल्या एका मालाची खरी माहिती दहा ओळींत लिहून काढा. एआय त्यानंतर उघडा!