गर्भ, भ्रूण की अर्भक?

सोनोग्राफीचा अहवाल घरी आला की तो सगळ्यांच्या हातून फिरतो. पहिल्या अहवालात ‘एम्ब्रियो’ असते, पुढच्यात ‘फीटस’. शब्द का बदलला, काही बिघडले तर नाही ना, अशी शंका सासूबाईंना येते आणि सुनेचा जीव टांगणीला लागतो. वास्तविक बदललेले असते ते फक्त पोटातल्या जिवाचे वय!

फलनापासून ५६ दिवसांपर्यंत, म्हणजे ८ आठवडे, तो ‘एम्ब्रियो’. ५७व्या दिवसापासून जन्मापर्यंत ‘फीटस’. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४च्या केंद्रीय कायद्यातही पुढे दुरुस्ती करून हीच व्याख्या घालण्यात आली. डॉक्टर मात्र आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे त्यांच्या हिशेबात ही सीमारेषा साधारण १० आठवड्यांवर येते. दोन आठवड्यांच्या या फरकाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

मराठीत शास्त्रीय लेखन करणारे ‘एम्ब्रियो’ला बहुधा भ्रूण आणि ‘फीटस’ला गर्भ म्हणतात. वर्तमानपत्रे मात्र दोहोंसाठी सर्रास भ्रूण वापरतात. अर्भक हा शब्द जन्मलेल्या बाळाचा. म्हणूनच अर्भक मृत्युदरात जिवंत जन्मून वर्षाच्या आत दगावलेली बालकेच मोजतात, पोटातली नाहीत.

लिहिताना

भ्रूण हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. त्यातला ‘रू’ दीर्घच. ‘भ्रुण’ किंवा ‘भृण’ ही रूपे पाट्यांवर दिसली तरी चूकच. ‘शरीर – शरीरात’ याप्रमाणे ‘भ्रूण – भ्रूणाचा’ लिहितानाही ऊकार दीर्घच राहतो.

गर्भ मात्र मराठीत पुरता मुरला आहे. देवळाचा गाभारा, झाडाचा गाभा, गाभण गाय हे सारे त्याचेच गोतावळे. बाईला मात्र ‘गाभण’ म्हणत नाहीत; ती गरोदर, दोन जिवांची, पोटुशी.

एका शब्दाची दहशत

मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला. त्या चळवळीच्या काळात ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द घरोघरी पोचला. हेतू चांगला होता, पण ‘हत्या’ या शब्दाने एक घोटाळाही केला. गर्भपात म्हटला की तो गुन्हाच, असे अनेकींना वाटू लागले. प्रत्यक्षात १९७१च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी, ठरावीक मुदतीत, मान्यताप्राप्त ठिकाणी केलेला गर्भपात वैध आहे. गुन्हा आहे तो गर्भाचे लिंग तपासून मुलगी नाकारण्याचा. हा फरक ठाऊक नसलेली बाई भीतीपोटी सरकारी दवाखाना टाळते आणि एखाद्या भोंदूच्या हाती सापडते. अशा वेळी गाठ थेट जिवाशीच पडते.

म्हणून आता अनेक कार्यकर्ते ‘गर्भलिंगनिदान’ किंवा ‘लिंगनिवड’ असे नेमके शब्द पसंत करतात. घरातही तसेच बोलावे. अहवालातला शब्द अडला, तर शेजारणीला विचारण्यापेक्षा डॉक्टरांनाच विचारावे. शब्द नेमका कळला की निम्मी भीती तिथेच सरते.