नव्या इंजिनाची पहिली टाकी

मामूंनी शारजाहून थोरल्यासाठी रिमोटची गाडी पाठवली, तेव्हा घरात ईद आधीच आली. ही बॅटरीवरची नव्हती, खऱ्या इंधनावर धावणारी होती. इंजिन तीन सीसीचं, पिस्टन बोटाच्या पेराएवढा. इंधन विमानातून आणता येत नाही, म्हणून ते मुंबईहून मागवलं. दौलताबादेत आमच्या घरामागच्या मोकळ्या रानात ती पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा निम्मी गल्ली पाहायला आली होती.

धूर मात्र फार येत होता. दादीला खोकला लागला, शेजारी कुरकुरू लागले. मग आम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरची मोठी सुई आत फिरवली. धूर थांबला आणि गाडीही जोरात पळू लागली. आम्हाला वाटलं, जमलं. तिसऱ्या दिवशी इंजिनाने दम टाकला. चाक हाताने फिरवलं तर पिस्टन वर कुठे अडतच नव्हता, म्हणजे कॉम्प्रेशन गेलेलं. आम्ही मुलालाच बोललो, "पहिल्या दिवसापासून फुल रेस देतोस, मग काय होणार?" तो काही न बोलता आत गेला.

पिस्टन आणि स्लीव्हचा नवा संच यायला दीड महिना लागला. तेवढ्या काळात आम्ही गाडीसोबतची पुस्तिका वाचली. प्रश्न दोनदा वाचा, असं वर्गात रोज सांगणाऱ्याने ती आधीच वाचायला हवी होती.

ज्यांच्या घरी जुनी बजाजची स्कूटर होती, त्यांना पेट्रोल पंपावर ऑइल मिसळून घेणं आठवत असेल. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं वंगण नसतं, इंधनातलं तेल हेच त्याचं वंगण. या छोट्या इंजिनाचंही तेच आहे. त्याच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. सुई आत फिरवली की इंधन कमी आणि हवा जास्त जाते. याला लीन म्हणतात. इंधनासोबत तेलही कमी होतं आणि धातू सुका घासतो. जो धूर आम्हाला नकोसा होता, तो तेल पोचत असल्याची खूण होता. इंजिन आम्ही मारलं होतं, मुलाने नाही.

पुस्तिकेतली दुसरी गोष्टही आम्हाला नवी होती. स्लीव्ह वरच्या बाजूला मुद्दाम किंचित अरुंद घडवलेली असते. थंड असताना पिस्टन तिथे घट्ट बसतो. तापल्यावर पितळेची स्लीव्ह पिस्टनपेक्षा जास्त फुगते आणि योग्य फट मिळते. त्यामुळे नवं इंजिन थंडच ओढून सुरू केलं, तरी नुकसान होतं. आम्ही आपाचा हेअर ड्रायर घेतला (तिची परवानगी नंतर घेतली) आणि इंजिनाचं डोकं हाताला चांगलं गरम लागेपर्यंत तापवलं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघं पुन्हा रानात गेलो. सुई बाहेरच्या बाजूला, म्हणजे मिश्रण रिच. गाडी अर्ध्या रेसच्या आत, थोडी पुढे, थोडी मागे. टाकी संपली की चाक फिरवून पिस्टन खालच्या टोकाला आणायचा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. पिस्टन वर राहिला तर थंड होणारी स्लीव्ह त्याला आवळते. थंड व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, मग पुढची टाकी. अशा पाच टाक्या केल्या. मुलासाठी ही शिक्षाच होती. दुसरी टाकी संपल्यावर किल्ल्याकडे तोंड करून बसलो असताना आम्ही त्याला सांगितलं, "मागचं इंजिन आमच्या हाताने गेलं. तुला उगाच बोललो, बेटा." तो म्हणाला, "मला माहीत होतं, अब्बू. धूर बंद झाला तेव्हाच." त्याने पुस्तिका आमच्याआधी वाचलेली होती.

सुई लावायची ती इथून पुढे. फिरवायची एका वेळी घड्याळाच्या एका तासाइतकीच, मग एक फेरी मारून पाहायची. डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो क्षणात उडाला, तर इंजिन फार तापलंय. तीन-चार सेकंदांत चुरचुरत गेला तर ठीक. शाळेतली कोविडच्या काळातली कपाळाला लावायची बंदूक आम्ही लावून पाहिली. ती माणसाच्या तापापुढे काही दाखवत नाही. धुराची बारीक रेघ मागे दिसलीच पाहिजे. समुद्रकाठच्या शारजातली मामूंची सेटिंग इथे चालली नाही, कारण साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर हवा विरळ असते आणि तेवढं इंधन तिला जास्त होतं.

एक गोष्ट मात्र घरातल्या मोठ्यांनी नीट ऐकावी. दादीने इंधनाचा वास घेऊन विचारलं, "ही दारू तर नाही ना?" मिथेनॉल त्याहून वाईट आहे. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं याच विषाच्या दारूने गेली. घोटभर पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात आणि दिवसा याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. आमचा डबा कुलुपात असतो. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत हे कधीही ओतू नका. टाकी भरणं आमच्याकडे, मुलाकडे नाही.

दिवसाचा खेळ संपला की टाकी रिकामी करून इंजिनात तेलाचे दोन-चार थेंब सोडतो. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि बेअरिंगला गंज चढतो. हे काम तो मगरिबच्या आधी न सांगता उरकतो. त्याने एक वहीही केली आहे: तारीख, वेळ, हवा, सुई. एप्रिलच्या पानावर लिहिलंय, "दुपारी 4, ऊन फार, सुई एक तास आत. धूर दिसतोय, अब्बूंना दाखवला."