पाच काळ्या पट्ट्या

भजनाच्या बैठकीत पेटीकडे सहसा कोणी बघत नाही. डोळे खंजिरीवर आणि कान गाणाऱ्याकडे. वऱ्हाडात तर हे जास्तच, कारण इथं भजन म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आधी आठवते. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 साली जन्मलेल्या महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या मार्फत सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन खेड्यापाड्यांत रुजवलं. मला मात्र त्या खंजिरीमागच्या पेटीनं ओढून घेतलं आहे. त्यातही भजन उभं राहण्याआधी वाजणारी आणि दोन कडव्यांच्या मधल्या जागेत वाजणारी पेटी. ती कोणी बसवून दिलेली नसते. वाजवणारा तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो, आणि चांगला वाजवणारा फार थोडं वाजवतो.

तिवसा तालुक्यातल्या एका गावात असे एक पेटीमास्तर आहेत. दिवसभर शेत, संध्याकाळी प्रार्थना. माणसं जमेपर्यंत ते एकटेच पेटीवर बसतात, आणि मी जातो ते खरं तर तेवढ्यासाठी. भात्याचा हुक काढतात, खर्जाचा खटका ओढतात आणि पट्टीला बोट लावण्याआधी भाता दोनदा हलकेच दाबून घेतात. खर्जाचे सूर जड, उशिरा बोलतात. आत हवा भरलेली नसेल तर बोट पडल्यावर क्षणभर नुसता फुसका आवाज येतो, आणि तो झाकायला मग भाता जोरात मारावा लागतो. हळुवार वाजवायचं तर तयारी डाव्या हातानं आधी करायची असते. उजवा हात मग निवांत राहतो.

काळी तीन हा त्यांचा सा. नुसता सा धरून ते बसतात. खालचा ध लावून परत सा. मग रे, ग, आणि पुन्हा सा. बराच वेळ पंचमाला हात लावत नाहीत. पंचम येतो तेव्हा समोर बसलेल्यांपैकी एखादा मान वर करतो. हा भूप. काळी तीनपासून भूप वाजवला की त्याचे पाचही स्वर पाच काळ्या पट्ट्यांवर पडतात, पांढऱ्या पट्टीला बोट लागतच नाही. शिकणाऱ्या पोराला म्हणूनच हा भूप सोपा जातो.

पण याच पाच काळ्या पट्ट्यांत बरंच काही दडलेलं आहे, आणि ते मास्तरांनी मला बोलून नव्हे, वाजवून दाखवलं. पट्ट्या त्याच, फक्त सा सरकवला. काळी एकला सा मानलं की भूपाचा दुर्गा होतो. काळी पाचला सा मानलं की मालकंस. काळी चारवरून मध्यमाद सारंग आणि काळी दोनवरून धानी. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. एकही पट्टी न बदलता, कुठं थांबायचं एवढंच बदलून, संध्याकाळच्या भूपावरून मध्यरात्रीच्या मालकंसावर जाता येतं. मास्तर ‘मूर्च्छना’ हा शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात, ‘‘घर बदललं, बाकी सामान तेच हाये.’’

कमी का वाजवता, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी पेटीवरून हात न काढता सांगितलं, ‘‘गाणारा दम घेते ना, तवा आपुन बोलायचं. तो बोलते तवा आपुन गप. जास्त वाजोलं त मंग भजन कोन आयकन बाप्पा?’’

याच्यामागे पेटीच्या स्वभावाचाही भाग आहे. पेटी युरोपातून आली. तिची प्रत्येक पट्टी एका ठरलेल्या सुराला बांधलेली, त्यामुळे मींड तिच्यातून निघत नाही. दोन सुरांमधून गळा जसा घसरत जातो तसं पेटीला जाता येत नाही. या आणि अशा कारणांवरून ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये पेटीला बंदी केली, आणि ती 1971 पर्यंत टिकली. त्याच पेटीवर भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाची साथ करून गोविंदराव टेंबे यांनी नाव मिळवलं होतं. बंदी घालणाऱ्यांचा आक्षेप खोटा नव्हता. पण साथीच्या पेटीनं त्यावर आपला तोडगा काढलेला आहे, आणि तो मी मास्तरांच्या बोटांत बघतो. मालकंसातल्या भजनात गाणारा कोमल गंधारावर गळा फिरवू लागला की मास्तरांचं बोट गंधारावरून उठतं आणि मध्यमावर जाऊन थांबतं. जे पेटीला जमत नाही ते गळ्यासाठी सोडून द्यायचं. सोडून दिलेल्या त्या सुरामुळे गळ्याची मींड स्वच्छ ऐकू येते. तिथं पेटीनंही गंधाराची पट्टी दाबून धरली असती, तर गळा आणि पेटी एकमेकांवर घासली असती.

अकोल्याच्या जुन्या शहरात पेट्या दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत. पेटी आतून कशी असते ते त्यांच्याकडे बघायला मिळालं. वरची फळी काढली की पितळी सूर रांगेनं बसवलेले दिसतात. प्रत्येकाच्या चौकटीत पातळ पितळी जीभ. ती टोकाशी किंचित खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. कारागीर दोनदाच खरवडतो, फुंकर मारून कीस झटकतो, सूर लावून ऐकतो, पुन्हा ठेवून देतो. घाईनं जास्त खरवडलं गेलं तर ती जीभ कायमची दुबळी होते. अकोल्याचा उन्हाळा लाकडाच्या जिवावर उठतो. जोड उघडतात, भात्याचं कातडं वाळतं, हवा गळू लागते. पावसाळ्यात उलट, पट्ट्या फुगून अडकतात. दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांत सुरांपेक्षा हवेच्या तक्रारी जास्त, असं ते म्हणाले. ‘‘हवा टिकली त सूर टिकते.’’ ज्याच्या पेटीतून हवा गळते त्याला हळू वाजवताच येत नाही, सारखा भाता मारावा लागतो. मास्तरांचा निवांतपणा निम्मा तरी असल्या दुरुस्तीतून आलेला आहे.

हे लिहिताना मला पियानोवादक कीथ जॅरेट आठवतो. जानेवारी 1975 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहराच्या ऑपेरागृहात त्याचा एकट्याचा पियानो होता, पूर्ण उत्स्फूर्त, आधी काहीही न बांधलेला. मागितलेला पियानो मिळाला नाही. जो मिळाला त्याचे वरचे सूर कर्कश, खालचे दुबळे, पेडल नीट चालत नव्हतं. मग तो मधल्या सप्तकांतच राहिला. डाव्या हातानं तेच तेच दोन कॉर्ड बराच वेळ वाजवत ठेवले आणि उजव्या हातानं त्यावर साधी, गाता येईल अशी वळणं घेतली. ती ध्वनिमुद्रिका एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या मुद्रिकांपैकी एक झाली. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो, पेटीचा सूर हवा असेपर्यंत टिकतो. वाद्यं दोन टोकांची, पण वाद्याच्या मर्यादेत राहून थोडक्यात बोलण्याची समज दोन्हीकडे सारखीच आहे. ते वादन ऐकताना मला मोझरीकडचं अंगण दिसतं, यात काही ओढूनताणून आणलेलं नाही.

अलीकडे बऱ्याच मंडळांत पेटीच्या जागी कीबोर्ड आला आहे. कीबोर्डबद्दल माझी तक्रार नाही, त्यावरही पाच काळ्या पट्ट्या आहेतच. तक्रार आहे ती त्यात भरलेल्या तयार तालाबद्दल आणि दोन कडव्यांमध्ये भरधाव तानांचा जो पूर येतो त्याबद्दल. लोकांना हेच लागतं, असं आयोजक सांगतात. मला ते पटत नाही. महाराजांच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मोझरीत लाखो माणसं जागच्या जागी स्तब्ध उभी राहून मौन श्रद्धांजली वाहतात. ज्यांना एवढी शांतता पेलते, त्यांना पेटीचे चार सूर ऐकायला धीर नाही असं कसं म्हणायचं?

म्हणून खंजिरी भजन स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. गायन, ताल, वेशभूषा यांना गुण देता, तसे साथीच्या पेटीलाही द्या, आणि ते देताना तिनं किती वाजवलं यापेक्षा गाणाऱ्याला किती जागा दिली ते पाहा. पेटीसमोर माइक ठेवा, पण त्याचा आवाज गाणाऱ्यापेक्षा खाली असू द्या. आणि गावातल्या म्हाताऱ्या पेटीमास्तरांकडे शिकायला एक तरी पोरगं, एक तरी पोरगी पाठवा.